आईला येत नाही ती भाषा

३ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर तुझं अक्षर बघूनच ओळखलं, तू शिवणयंत्र सोडून कागद-पेन घेऊन बसलीस म्हणजे प्रकरण गंभीर. धाकटी बहीण फोन उचलत नाही म्हणून तिला पत्र लिहायचं, हे तुलाच सुचू शकतं. कागदावर विचारलंस तर कागदावरच सांगते. सुरुवातीला साष्टांग नमस्कार लिहायचा असतो, तो झाला असं धर.

तुझा प्रश्न एकच. माझी टकळी शनिवारी फोनवर का येत नाही? उत्तरही एकच. शनिवारी तिचा पोहण्याचा वर्ग असतो. नेमका तुझ्या फोनच्या वेळेला. दुसऱ्या कुठल्या वारी जागाच शिल्लक नव्हती, त्याला मी काय करू? रविवारी गृहपाठ असतो. बाकीच्या दिवशी ती घरी येते तोवर तुझ्याकडे अंथरुणं पडलेली असतात. तू म्हणशील, दोन वर्षं शनिवार जमला आणि आताच काय झालं. मुलं मोठी होतात, दुसरं काही झालेलं नाही. मेमध्ये आठ पुरी होतील तिला.

आणि तू लिहिलं आहेस, "तिची मराठी आत्ता कुठे वळणावर आली होती, ती तुटेल." हे वाक्य मी तीनदा वाचलं. ताई, टकळी हे नाव तू ठेवलंस, कबूल आहे. तोंडाची टकळी चालूच असते तिची, तेव्हा नाव शोभतंही. पण तिची मराठी तू आणलेली नाहीस. दिवसभर कारखान्यात चष्म्याच्या काचा घासायच्या, फ्रेमच्या मापाला बसवायच्या, आणि घरी येऊन भाजी चिरता चिरता सुरीपासून सालीपर्यंत प्रत्येक वस्तूचं नाव तिला मराठीत सांगायचं, हे कोणी केलं? तू आठवड्यातून एकदा यंत्र चालवता चालवता गोष्ट सांगितलीस. त्याला कोणी शिकवणं म्हणत नाही.

आज तिला तीन भाषा येतात. शाळेच्या भाषेत भांडते, सांभाळणाऱ्या बाईंच्या भाषेत पाढे म्हणते आणि मराठीत रडते. मी सगळ्यांना हे कौतुकाने सांगते.

तिच्यासाठी वेगळी घडी करून ठेवलेलं तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. तिला आवडलं.

तुझी बहीण

२० फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर काल आलं. दोनच ओळी. "पोहायला कशाला घातलंस? तिला पाण्याची भीती वाटते, तिनेच सांगितलं मला."

माझ्या पोटची पोर, रोज माझ्या हाताने अंघोळ करत आली, आणि तिला पाण्याची भीती वाटते हे मला पत्राने कळावं? तेही तुझ्या? कधी सांगितलं तिने? काय शब्दांत सांगितलं? आणि तू ते पोटात ठेवलंस, तू, जिच्या पोटात तीळ भिजत नाही? आणखी काय काय सांगितलं आहे तिने, एकदा यादीच करून पाठव.

तुझं हे पहिल्यापासूनचं आहे. माझी एसएससीची बातमी आईला तू आधी सांगितलीस. माझं लग्न ठरलं तेव्हा शेजारच्या काकू "थोरलीने किती केलं हो धाकटीसाठी" म्हणून तुलाच पेढा भरवून गेल्या. लग्न माझं होतं. मी इथे आले तेव्हा एक गोष्ट मनाशी म्हटली होती, कोणाला कधी सांगितली नाही, की आता तरी एक घर असं असेल जिथे मला कोणी "थोरली कुठाय?" असं विचारणार नाही. आणि माझी मुलगी शुक्रवारपासून विचारायला लागते, "उद्या मावशी ना?"

भीती घालवायलाच वर्ग असतात. सगळी मुलं पहिल्यांदा रडतात.

आता काही दिवस लिहू नकोस. मलाही कामं आहेत.

१४ मार्च

ताई,

लिहू नकोस म्हटलं तर खरंच लिहिलं नाहीस. माझं एवढं एकच बरं ऐकलंस.

तीन आठवडे रोज कामावरून येताना पत्रपेटीत हात घालते. मग वर येऊन त्याचा राग टकळीच्या दप्तरावर, बुटांवर, जो मिळेल त्याच्यावर काढते. म्हणून आता सगळं लिहून टाकते. तुला माझा तिटकारा आला तर येऊ दे.

पहिली गोष्ट. मला इथली भाषा येते. चांगली येते. तुला मी सांगत आले की आठ वर्षं झाली तरी दुकानातल्यापुरतीसुद्धा जमत नाही, आणि तू मला "प्रयत्न कर गं" म्हणत आलीस. ते खोटं होतं. त्याची सुरुवात अशी झाली.

टकळी तीन वर्षांची होती. इथल्या आपल्या मंडळींच्या एका जेवणाला एक डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांचे दोन्ही मुलगे त्यांच्याशी शाळेच्याच भाषेत बोलत होते. त्या मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "मुलं फार हुशार असतात हो. आईला समजतंय म्हटल्यावर कशाला मराठीत बोलतील? मी पहिल्या दिवशीच समजत नाही असं दाखवायला हवं होतं." माझ्या डोक्यात ते पक्कं बसलं. दुसऱ्या दिवशी टकळीने शाळेच्या भाषेत पाणी मागितलं. मी म्हटलं, "आईला ती भाषा येत नाही, बाळा." तिला माझी एवढी दया आली की माझ्या गालावरून हात फिरवला, आणि मग मराठीत पाणी मागितलं. मी खूश.

तेव्हा ते फारसं खोटंही नव्हतं. पण कारखान्यात माझ्या शेजारच्या यंत्रावर एक म्हातारा कारागीर बसायचा, त्याला गप्प बसता येत नसे. त्याच्या दोन लग्नांच्या कहाण्या ऐकता ऐकता मला भाषा शिव्यांसकट आली. घरात मात्र मी कोरी ती कोरीच. शाळेच्या सभांना नवरा जायचा. तो म्हणायचा, "हे नाटक एक दिवस तुझ्या अंगाशी येणार." मी म्हणायचे, पोरगी फाडफाड मराठी बोलते आहे ना, मग झालं तर.

दुकानात टकळी माझी दुभाषी. दुकानदाराने पिशवी हवी का विचारलं की ही चार-पाच वर्षांची पोर माझ्याकडे वळायची. "आई, काका विचारतायत, पिशवी पाहिजे का." मी म्हणायचे, "नको म्हणून सांग." मान ताठ करून सांगायची. त्या दुकानात मी एकटी कधी जायचे नाही, न जाणो दुकानदार तिच्यासमोर एखाद दिवशी बोलून जायचा. तुला सांगितलं नाही कारण तू तिला सांगितलं असतंस. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

आता दुसरी गोष्ट. जानेवारीत तिची मैत्रीण खेळायला आली. दोघी जेवणाच्या टेबलाला चादर लावून खाली बसल्या होत्या, मी तिथेच दोन हातांच्या अंतरावर इस्त्री करत होते. मला कळत नाही म्हटल्यावर मी त्यांच्या लेखी कपाटच.

मैत्रिणीने विचारलं, "तुझी आई तुझ्याशी सारखं काय बोलते?"

टकळी म्हणाली, "माझं काय चुकलं ते सांगते."

"मग तू तिच्याशी कशाला बोलतेस?"

"ती आई आहे म्हणून. खरं काही सांगायचं असलं की मी शनिवारपर्यंत थांबते. शनिवारी मावशी असते."

मग त्या मैत्रिणीने विचारलं, तुला ती तुमची भाषा आवडते का. आणि माझी पोर म्हणाली, "मावशीची आवडते. आईची नाही आवडत."

ताई, एकच भाषा आहे ती. एकाच घरात, एकाच आईकडून आपण दोघी शिकलो.

नवऱ्याच्या शर्टाची कॉलर जळली. इस्त्री बिघडली म्हणून सांगितलं त्याला. मी टकळीला काय बोलणार होते? तोंड उघडलं असतं तर चार वर्षांचं नाटक उघडं पडलं असतं. मी सोमवारी जाऊन तिचं नाव पोहण्याच्या वर्गात घातलं. बुधवारची जागा होती. खिडकीवरच्या मुलीने मला दोनदा विचारलं, बुधवार चालेल का. मी शनिवार मागून घेतला.

तिच्यासाठी आलेलं तुझं पत्र तिला वाचून दाखवलं नाही. ते माझ्या कपाटात टॉवेलांच्या खाली आहे. मी मात्र पाच-सहा वेळा वाचलं. त्यात तू तिची एकही चूक काढलेली नाहीस, आणि ते मला सहन झालं नाही.

मला तुझा मत्सर वाटतो. आज नाही, फ्रॉक घालायचे तेव्हापासून वाटतो, पण तेव्हा निदान आपण दोघी लहान होतो. आता मी अडतीस वर्षांची बाई आहे आणि एका मुलीच्या शनिवारसाठी बहिणीचा दुस्वास करते आहे.

उद्या हे पत्र टाकते.

२८ मार्च

ताई,

मागचं पत्र टाकलं नाही. दोनदा पेटीपर्यंत गेले आणि परत आणलं. आता हे आणि ते एकाच पाकिटात घालीन. आधी ते वाच.

काल टकळीच्या शाळेत सभा होती. वर्गबाईंनी चिठ्ठी पाठवली होती की पालकांना भेटायचंच आहे. नवरा लिफ्ट बसवण्याच्या कामावर दुसऱ्या गावी, आठवडाभर येणार नाही. टकळी म्हणाली, "मी सांगेन ना तुला बाई काय म्हणतात ते." मी म्हटलं बरं.

त्यांच्या वर्गात मुलांच्याच खुर्च्या. गुडघे हनुवटीला लागतात. खिडकीत रंगाचे ब्रश वाळत घातलेले, भिंतीवर खुंट्यांना प्रत्येकाच्या नावाची पट्टी. बाई तरुण आहेत, हात घट्ट धरून बसतात. त्यांनी टकळीची वही उघडली. मुलांना लिहायला दिलं होतं, मी सगळं कोणाला सांगते. बाकीच्यांनी पानभर लिहिलं होतं. टकळीच्या पानावर दोन ओळी होत्या आणि बाईंनी त्या वाचून दाखवल्या. "मी सगळं मावशीला सांगायचे. आता ती फोनवर येत नाही, बहुतेक माझं काहीतरी चुकलं म्हणून ती रागावली आहे."

टकळी माझ्याकडे वळली. मराठीत म्हणाली, "आई, बाई म्हणतायत माझं अक्षर चांगलं आहे."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

बाई म्हणाल्या, ही वर्गात सर्वांत जास्त बोलायची, आता दोन महिने कोणाशी बोलत नाही. सोमवारी तर अगदीच नाही. घरी बोलते का?

टकळीने जरा विचार केला. "बाई विचारतायत, तुला पाणी हवं का."

"नको म्हण," मी म्हटलं. टकळीने बाईंना सांगितलं, "आई म्हणते, घरी मी खूप बोलते."

ताई, मला वाटत होतं या घरात नाटक एकटी मीच करते. ती दोन्हीकडून झाकत होती. बाईंपासून मला आणि माझ्यापासून बाईंना. आठ पुरी नाहीत अजून. आणि किती सफाईने करत होती, एकदाही अडखळली नाही, म्हणजे हे काही पहिल्यांदा नव्हतं. चार वर्षांत मी दुकानात, दवाखान्यात किती ठिकाणी तिला उभं केलं आहे. आणि मी गप्प बसून ऐकत होते, हे आता आठवलं तरी घाम फुटतो, कारण कुठेतरी मला बरंही वाटत होतं. या वेळी ती माझ्यासाठी खोटं बोलत होती, तुझ्यासाठी नाही.

मग बाई पुढे वाकल्या आणि हळू विचारलं, "घरी तुझ्यावर कोणी रागावतं का?"

याचं भाषांतर टकळीने केलंच नाही. बाईंनाच म्हणाली, "माझी आई चांगली आहे. तिला इथे कोणी नाही आणि तिला काही समजत नाही. म्हणून तिला त्रास द्यायचा नसतो."

माझ्या तोंडून निघून गेलं. त्याच भाषेत, नीट, एकही शब्द न अडखळता. "हिची मावशी रागावलेली नाही. ती दर शनिवारी फोन करत होती. मी तो बंद केला."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. टकळी बघत नव्हती. तिने वही मिटली, खुंटीवरचा कोट काढला, स्वतः बटणं लावली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. घरी येताना ती दहा पावलं पुढे होती, मी थांबले की थांबायची, चालले की चालायची. दुकानावरून गेलो तेव्हा दुकानदाराने हात केला, तिने तोंड फिरवलं.

३१ मार्च

ताई,

दोन दिवस ती बोलली नाही. कुठल्याच भाषेत नाही. काल जेवताना ताट पुढे सरकवलं आणि बोलली ते शाळेच्या भाषेत. माझ्याशी त्या भाषेत चार वर्षांत पहिल्यांदाच.

"कधीपासून कळतं तुला?"

"बरीच वर्षं झाली."

"दुकानातसुद्धा?"

"हो."

"मग मी कोणासाठी सांगत होते?"

मी म्हटलं की तू मराठी बोलावीस म्हणून मी तसं केलं. ती ऐकत होती. पोरगी विचार करायला लागली की तुझ्यासारखी खालचा ओठ चावते, आणि तेव्हाही, खरं सांगते, मला ते खुपलं. मग तिने विचारलं, "टेबलाखालचं पण ऐकलंस?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "म्हणून पोहायला." हा प्रश्न नव्हता.

मी उठले आणि टॉवेलांखालचं तुझं पत्र आणून तिच्यासमोर ठेवलं. तिला मराठी वाचता येतं, पण बोट ठेवून, अक्षराला अक्षर लावून. पहिल्या ओळीवरच जोडाक्षरात अडकली. मी म्हटलं, "दे, मी वाचून दाखवते."

"नको," ती म्हणाली. "तू दुसरंच काहीतरी वाचशील."

तिने ते पत्र एकटीने वाचलं. जेवण गार झालं, पाऊण तास गेला, मी समोर बसून होते. दोनदा ती हसली. कुठल्या ओळीला हसली ते मी विचारलं नाही. तुझं पत्र मला पाठ आहे, तरी सांगता येणार नाही.

पोहण्याचा वर्ग बंद केला. शनिवार रिकामा आहे. फोन तिचा ती उचलेल, आणि तेवढा वेळ मी घरात असायचं नाही अशी तिची अट आहे. मी खालच्या जिन्यात बसेन. शेजारी विचारतील तर सांगेन की किल्ली विसरले. तिच्याशी मी मराठीतच बोलते, उत्तर ती शाळेच्या भाषेत देते. डॉक्टरीणबाईंच्या मुलांसारखंच. चार वर्षं ज्याच्यासाठी एवढं केलं ते दोन दिवसांत गेलं. तुझ्याशी ती कुठल्या भाषेत बोलेल, मला माहीत आहे.

माझ्यावर रागव, पण तिला आधी सांग की तू तिच्यावर कधीच रागावली नव्हतीस. ते माझ्या तोंडून ती खरं धरत नाही. आणि ताई, ती तुला काय काय सांगेल ते मला सांगू नकोस. मी विचारीनच, मी मला ओळखते. आडून विचारीन, रडून विचारीन, तुझ्या तब्येतीच्या निमित्ताने विचारीन. तरी सांगू नकोस.